ट्रेडमिलवर धावणं आणि टाचदुखी: बंद करायचं की बदलायचं?

जिममास्तर

आधी चित्र नेमकं मांडतो. आठवड्यातून पाच दिवस, ताशी ९ किमी वेगाने, २ टक्के चढावर ४० मिनिटं पळणारे सदस्य. तक्रार ठरलेली असते. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली आठ-दहा पावलं टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला खिळा टोचल्यासारखं दुखतं आणि चालल्यावर ओसरतं. बेल्टवर पहिली पाच मिनिटं पुन्हा दुखतं, मधे जवळजवळ जाणवत नाही. पळून झाल्यावर तासभर बसून उठलं की परत तेच. अंगठ्याने टाचेच्या आतल्या कडेला, तळाशी दाबलं की दुखरी जागा लगेच सापडते. डॉक्टरांनी प्लांटर फॅसिआयटिस, म्हणजे तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं, असं निदान केलेलं असतं.

त्यानंतर मात्र प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं सहा महिने धावणं बंद. कुणी म्हणतं ट्रेडमिल मऊ असते, रस्ता सोडा आणि यावरच पळा. कुणी धावणं थांबवून तीव्र चढावर चालायला लावतं. सध्या १२ टक्के चढ, ताशी ४.८ किमी, ३० मिनिटं हा प्रकार बराच लोकप्रिय आहे, आणि टाच दुखणारेही तो करताना दिसतात.

मला जाणून घ्यायचं आहे ते असं: धावणं पूर्ण थांबवणं खरंच गरजेचं आहे का? वेग, चढ आणि वेळ यांत आधी काय कमी करायचं? मशीनमध्येच दोष असला तर तो कसा ओळखायचा? आणि ताण द्यायचे व्यायाम की ताकदीचे, कुठले आणि किती?

पायतळ

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते. लांबेल, पण प्रश्न चांगला मांडलाय.

प्लांटर फॅशिया हा टाचेच्या हाडाच्या तळापासून निघून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा जाड, फारसा न ताणणारा पट्टा. पाऊल मागे पडून टाच उचलली जाते आणि बोटं वरच्या बाजूला वळतात, तेव्हा तो बोटांच्या सांध्यांभोवती गुंडाळला जाऊन ताणला जातो आणि तळव्याची कमान ताठ होते. धावताना पुढे ढकलणारं बळ या ताठपणामुळेच मिळतं. म्हणजे टाच जमिनीवर आपटते तेवढाच प्रश्न नाही. पाऊल सुटतानाचा ताण जास्त महत्त्वाचा. ताशी ८ किमीला मिनिटाला १६० पावलं धरली तर अर्ध्या तासात ४,८०० पावलं होतात, एका पायाची २,४००. प्रत्येक पावलाला हा पट्टा ताणला जातो.

पोटरीचे स्नायू अकिलीस टेंडनमार्गे याच टाचेच्या हाडाला मागून ओढतात. पोटरीवरचा भार वाढला की फॅशियावरचाही वाढतो. हे लक्षात घेतलं की तुमच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं आपोआप मिळतात.

तीव्र चढावर चालणं या दुखण्यात धावण्याला पर्याय नाही. १२ टक्के चढ म्हणजे जवळपास ७ अंश. घोटा तेवढा जास्त वाकतो, पोटरी ताणलेल्या अवस्थेत काम करते आणि प्रत्येक पावलाला टाच वरच्या दिशेने ढकलावी लागते. आपटणं कमी होतं हे खरं, पण फॅशिया ताणणारी ओढ तशीच राहते किंवा वाढते. वर पुढची दांडी धरून चाललं तर चढाचा फायदाही जातो. टाच दुखत असताना चढ शून्य ठेवा.

‘ट्रेडमिलवर किमान १ टक्का चढ हवाच’ हा नियम सगळे सांगतात. तो १९९६ मधल्या ऊर्जाखर्चाच्या मोजमापांवरून आला आणि ती मोजमापं ताशी १०.५ किमी व त्याहून जास्त वेगावर केलेली होती. बाहेर धावताना हवेचा जो विरोध होतो, त्याची भरपाई म्हणून तो १ टक्का. ताशी ८-९ किमीला हा विरोध नगण्य असतो. त्यामुळे दुखरी टाच घेऊन पळणाऱ्याने हा नियम निर्धास्तपणे सोडावा.

‘ट्रेडमिल मऊ म्हणून सुरक्षित’ हेही अर्धवट आहे. धक्का थोडा कमी होऊ शकतो, पण ट्रेडमिलवर अकिलीस टेंडनवरचा भार जमिनीपेक्षा काहीसा जास्त येतो असं मोजमापांत दिसलंय. शिवाय बाहेर वळणं, खड्डे, चढउतार यांमुळे प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं. बेल्टवर चाळीस मिनिटं तेच पाऊल, त्याच कोनात, त्याच वेगाने.

आता धावणं थांबवायचं का? रोज सकाळी पहिल्या पावलांचं दुखणं ० ते १० मध्ये किती, हा आकडा लिहून ठेवायला सांगा. माझ्या मते या दुखण्यात याहून उपयोगी मोजमाप नाही, कारण धावताना अंग गरम झाल्यावर टाच फसवते. धावताना दुखणं ३ पर्यंत असेल, पावलाची ढब बदलत नसेल आणि दुसऱ्या सकाळचा आकडा नेहमीपेक्षा वाढलेला नसेल, तर ते धावणं चालेल. सकाळचा आकडा २ किंवा जास्त अंकांनी वाढला तर कालचा भार जास्त झाला. लंगडत पळावं लागत असेल किंवा सकाळी ५ च्या वर दुखत असेल, तर दोन-तीन आठवडे सायकल किंवा पोहणं. सायकलवर पेडल तळव्याच्या मध्याकडे घ्यायचं, बोटांच्या टोकाशी नाही.

कमी करायचा क्रम असा ठेवा: पहिला चढ, मग वेगाचे झटके म्हणजे स्प्रिंट-इंटर्व्हल, मग एकूण मिनिटं, आणि सर्वांत शेवटी दिवस. मात्र पाच दिवस सलग धावत असतील तर मधे एक दिवस सोडणं लगेच सुरू करा.

निदानाबद्दल एक इशारा. दोन्ही हातांनी टाच बाजूंनी दाबल्यावर जोरात दुखत असेल, दुखणं धावताना कमी न होता वाढतच जात असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर टाचेच्या हाडाला बारीक तडा असू शकतो. अशा माणसाला बेल्टवर चढू देऊ नका. जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर नस दाबली गेली असण्याची शक्यता तपासायला हवी. दुखणं टाचेच्या अगदी मध्यभागी, कडक फरशीवर वाढणारं आणि सकाळचा तो विशिष्ट नमुना नसेल, तर टाचेखालच्या चरबीच्या गादीचा त्रास असू शकतो. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली असते, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवा. पळताना तळव्यात अचानक ‘टक्’ झालं आणि नंतर कमानीत काळंनिळं पडलं, तर फॅशिया फाटलेला असू शकतो, त्याच दिवशी दाखवायचं.

फळीखालचा

मशीनचं मी सांगतो. ट्रेडमिल दुरुस्तीत पाच गोष्टी तपासल्या की बहुतेक दोष सापडतात, आणि त्यातल्या चार टाचेशी संबंधित आहेत.

वेग. पडद्यावरचा आकडा खरा असेलच असं नाही. प्लग काढा, बेल्टच्या कडेला खडूने खूण करा, हाताने बेल्ट सरकवत टेपने पूर्ण घेर मोजा. समजा घेर ३ मीटर निघाला. आता एक माणूस बेल्टवर पळत असताना पडद्यावर ८ ठेवून खुणेच्या २० फेऱ्यांना लागणारे सेकंद दुसऱ्याने मोजायचे. २० फेऱ्या म्हणजे ६० मीटर. २७ सेकंद लागले तर वेग बरोबर ८. २४ सेकंदच लागले तर खरा वेग ९ आहे आणि तुमचा सदस्य नकळत जास्त पळतोय. सूत्र: घेर गुणिले २०, भागिले सेकंद, गुणिले ३.६. रिकाम्या बेल्टवर मोजू नका, वजन आल्यावर आकडा बदलतो.

चढ. पडद्यावर शून्य म्हणजे खरोखर शून्य का, हे स्पिरिट लेव्हलने बघा. फळीवर एक मीटर लांब सरळ पट्टी ठेवा, पुढचं टोक १ सेंमी उंच असेल तर तो १ टक्का चढ. काही मशीनचं शून्यच १ ते २ टक्क्यांवर असतं, कधी जमिनीचा उतार त्यात भर घालतो. लेव्हल आडवीसुद्धा ठेवा, हे बहुतेक जण विसरतात. फळीखालचे रबरी गादीचे ठोकळे एका बाजूचे दबले किंवा कडक झाले की फळी बाजूला झुकते, आणि मग एकच पाऊल सतत आत वळून पडतं. एकाच पायाची टाच दुखणाऱ्या दोन-तीन सदस्यांचं मशीन एकच असेल, तर आधी इथे बघा.

अडखळणारा बेल्ट. ताशी ३ किमीला चालत पाऊल जरा दाबून टाका. बेल्ट क्षणभर थबकतो आणि पुढचा रोलर फिरत राहतो, म्हणजे बेल्ट सैल आहे. मागचे दोन्ही बोल्ट पाव-पाव फेरा, दोन्हीकडे सारखे घट्ट करायचे आणि पुन्हा तपासायचं. मधोमध बेल्टची कड हाताने साधारण ५ ते ७ सेंमी उचलली गेली पाहिजे. त्याहून घट्ट केला तर रोलरचे बेअरिंग आणि मोटर दोन्हींवर ताण येतो. पण बेल्टबरोबर रोलर आणि मोटरही मंदावत असेल, तर घर्षण वाढलंय: बेल्ट आणि फळीच्या मधे सिलिकॉन ऑइल हवंय, नाहीतर फळी झिजलीय. गंज सोडवायचे स्प्रे तिथे कधीही मारू नका, बेल्टचं अस्तर खराब होतं. अडखळणाऱ्या बेल्टवर पाऊल टेकल्यावर पाय थांबतो, मग झटका बसतो. तो झटका पोटरी आणि तळवा सावरतात.

लांबी. पळण्याची जागा तोकडी असली की उंच माणूस कन्सोलला चिकटून, पुढच्या पंज्यावर पळायला लागतो. १३० सेंमीच्या फळीवर उंच माणूस मोकळा पळू शकत नाही, त्याला लांब मशीन द्या.

पाचवी गोष्ट मोटरचे ब्रश, तिचा टाचेशी संबंध नाही.

लयबद्ध

फळीखालचा यांच्या शेवटच्या मुद्द्यापासून पुढे, कारण पाऊल कसं पडतं हा माझा विषय.

टाच दुखते म्हणून पंज्यावर पळा, हा सल्ला फार फिरतो आणि या दुखण्यात तो उलटतो. पंज्यावर टेकलं की टाचेचा धक्का कमी होतो, पण पोटरी, अकिलीस आणि फॅशिया यांच्यावरचा ताण वाढतो. सदस्य जसा टेकतो तसंच टेकू द्या. बदलायची असेल तर फक्त पावलांची संख्या, तीही थोडी. ताशी ८ किमीला १६० पावलं पडत असतील तर एका पावलाची लांबी ८३ सेंमी. १६८ केली की ती ७९ सेंमीवर येते. पाऊल शरीराच्या फार पुढे न पडता जवळ पडतं आणि दर पावलाचा भार हलका होतो. मेट्रोनोम अॅप (ठरावीक लयीत ठोके देणारं) १६८ वर लावून एक मिनिट त्याच्याबरोबर, दोन मिनिटं त्याच्याशिवाय, असं आलटूनपालटून करा. ५ टक्क्यांपासून सुरुवात करा, १० च्या वर जाऊ नका. त्यापुढे माणूस आपोआप पंज्यावर येतो. पावलांचा आवाज ऐका: आपटण्याचा आवाज कमी झाला तर बदल बरोबर जमलाय.

सुरुवातीची आठ मिनिटं चालणं, वेग हळूहळू वाढवत. थंड फॅशियावर पहिल्याच मिनिटाला ९ चा वेग म्हणजे सकाळची पहिली पावलं पळत टाकण्यासारखं. शेवटीही पाच मिनिटं चाला आणि मगच बसा.

बूट. टाच आणि पंजा यांच्या उंचीतला फरक ८ ते १२ मिमी असलेला, मागची बाजू बोटांनी दाबल्यावर न चेपणारी, आणि बूट वाकवला तर बोटांच्या मुळाशीच वाकणारा, मधे नाही. तळवा कमानीपाशी दुमडला जात असेल तर तो बूट इथे बाद. साधारण ५०० ते ८०० किमीला मधला फोम थकतो, पण ट्रेडमिलवर तळाचं रबर फारसं झिजत नाही, त्यामुळे बूट नवा दिसत राहतो. अंतर लिहून ठेवा, झीज बघू नका. शून्य उंचीफरकाचे सपाट बूट दुखणं असेपर्यंत बाजूला.

आणि घरात अनवाणी नको. दिवसभर कडक फरशीवर अनवाणी उभं राहिलं, तर बेल्टवर केलेली सगळी काळजी वाया जाते.

जिममास्तर

फारच उपयोगी. वेगाचं मोजमाप आजच करून बघणार.

पायतळताई, व्यायामांचं राहिलं. भिंतीला टेकून पोटरीला ताण देणं सगळेच करतात, बरेच जण बाटली पायाखाली फिरवतात. एवढं पुरेसं आहे का? ताकदीचा व्यायाम कुठल्या वजनाने? काहींच्या एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसतं, ते घाबरलेले असतात. आणि इंजेक्शन घेऊन आलेल्याला लगेच पळू द्यायचं का?

पायतळ

बाटली फिरवण्याने बरं वाटतं, थंड पाण्याची असेल तर जास्तच. करू द्या, पण उपचार म्हणून त्यावर थांबू नका.

ताण देण्याचा प्रकार बदला. फक्त पोटरी ताणण्यापेक्षा फॅशियालाच ताण द्या. खुर्चीत बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे खेचायची, कमानीत ताणलेल्या दोरीसारखा पट्टा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला लागला पाहिजे. १० सेकंद धरून १० वेळा, दिवसातून तीनदा. पहिली फेरी सकाळी पलंगावरच, पाय जमिनीला लागण्याआधी. ही एक सवय सकाळचा आकडा लवकर खाली आणते. पोटरीचा ताण गुडघा सरळ आणि गुडघा वाकवून, दोन्ही प्रकारे द्या, कारण गुडघा वाकवल्याशिवाय खालच्या सोलियस स्नायूला नीट ताण बसत नाही. घोटा किती वाकतो हे बघायला भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर असताना जमत नसेल किंवा दोन पायांत २ सेंमीहून जास्त फरक असेल, तर पोटरीच्या ताणावर जास्त वेळ द्या.

ताकदीचा व्यायाम मात्र सगळ्यात महत्त्वाचा. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी, इतकी जाड की वर गेल्यावर बोटं पूर्ण मागे वळतील. टाच पायरीबाहेर. ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबायचं, ३ सेकंदांत खाली. भिंतीला हात फक्त तोल सांभाळण्यापुरता. एक दिवसाआड. पहिले दोन आठवडे १२ चे ३ संच, पुढचे दोन आठवडे वजन वाढवून १० चे ४, त्यानंतर आणखी वाढवून ८ चे ५. वजन किती? १२ चा संच असेल तर तेरावी उचल नीट जमू नये, इतकं. पाठीवरच्या बॅगेत वजन भरणं सोयीचं. एका पायावर जमत नसेल तर दोन पायांवर सुरू करा.

ही पद्धत डेन्मार्कमधल्या २०१४ च्या चाचणीतली. तिथे तीन महिन्यांनी ताकदीचा गट ताण देणाऱ्या गटापेक्षा पुढे होता, बारा महिन्यांनी दोन्ही जवळपास सारखे. म्हणून दोन्ही एकत्र करायला मी सांगते. इथे चुकतं ते वेगात. लोक झटक्यात वर-खाली करतात आणि टॉवेल विसरतात. टॉवेल नसेल तर तो नुसता पोटरीचा व्यायाम होतो. करताना थोडं दुखलं तर चालतं, सकाळचा नियम तोच.

वाढलेल्या हाडाला घाबरायचं कारण नाही. टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेतही ते दिसतं, आणि दुखणं गेलं तरी ते तिथेच असतं.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, आणि धोका तिथेच आहे: दुखणं गेलं म्हणून माणूस पूर्ण वेगाने पळायला लागतो. फॅशिया फाटणं आणि टाचेखालची चरबी विरळ होणं हे या इंजेक्शनचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. किमान दोन आठवडे धावणं नको, आणि नंतर इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांच्या परवानगीने, खालच्या क्रमाच्या पहिल्या पायरीपासून. वेदनाशामक गोळी खाऊन धावायलाही देऊ नका, आकडा खोटा येतो. तीन-चार महिने हे सगळं नीट करून फरक पडला नाही, तर शॉकवेव्ह उपचाराबद्दल (दुखऱ्या जागी यंत्राने दाबाच्या लहरी देणं) डॉक्टरांना विचारता येईल.

पुन्हा धावायचा क्रम. अट: ३० मिनिटं भराभर चालून दुसऱ्या सकाळी आकडा न वाढणं आणि दुखऱ्या पायावर सलग १५ वेळा टाच उचलता येणं. मग आठवड्यातून तीन दिवस, चढ शून्य: १ मिनिट धाव आणि १ मिनिट चाल, १० वेळा. पुढे २ धाव आणि १ चाल, ८ वेळा. मग ३ आणि १, ६ वेळा. मग ५ आणि १, ४ वेळा. त्यानंतर सलग २० मिनिटं. प्रत्येक पायरी किमान तीनदा, आणि सकाळ बिघडली तर एक पायरी मागे. वेग नेहमीच्यापेक्षा ताशी १ किमी कमी.

बरं व्हायला महिने लागतात, बहुतेकांना वर्षभराच्या आत आराम पडतो. सदस्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ते टॉवेल सोडून देतात.

चिकटपट्टी

टेपिंगचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. न ताणणारी ३.८ सेंमी रुंदीची टेप. पहिली पट्टी करंगळीच्या मुळापासून पावलाच्या बाहेरून, टाचेमागून वळसा घेत अंगठ्याच्या मुळापर्यंत. मग तळव्याखालून आडव्या पट्ट्या, बाहेरून आत ओढत, प्रत्येक आधीच्या पट्टीवर अर्धी चढवत. लावताना पाऊल सैल, बोटं हलकी वर. उभं राहिल्यावर बोटं पांढरी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा. याने पहिल्या काही आठवड्यांत आराम मिळतो. टेपने स्पष्ट फरक पडला तर कमानीला आधार देणारा, बुटात घालायचा तयार इनसोलही बहुधा लागू पडतो. मापाचा खास बनवून घ्यायची घाई नको, तयार इनसोल बहुतेकांना तेवढेच उपयोगी पडतात.

जिममास्तर

एक शेवटचं. सलग २० मिनिटं जमायला लागली की चढ आणि वेग परत कसा आणायचा? बऱ्याच जणांना डोंगरावरच्या शर्यतींची तयारी करायची असते.

लयबद्ध

दोन्ही एकाच आठवड्यात कधीही नाही. आधी वेळ ३० मिनिटांपर्यंत, मग वेग ताशी अर्ध्या किमीने, दर आठवड्याला एकदाच. नेहमीच्या वेगावर दोन आठवडे सकाळचा आकडा ० किंवा १ राहिला की मगच चढ. पहिल्यांदा १ टक्का, तोही धावण्याच्या मधल्या १० मिनिटांपुरता. दुसऱ्या आठवड्यात ही १० मिनिटं १५ करायची, तिसऱ्यात २ टक्के. ५ टक्क्यांच्या वर जायचं असेल तर वेग ताशी दीड-दोन किमीने खाली आणा आणि १ मिनिट चढ, २ मिनिटं सपाट असे तुकडे करा. टॉवेलचा व्यायाम ज्या दिवशी आहे त्या दिवशी चढ नको, आणि शर्यत होईपर्यंत तो व्यायाम आठवड्यातून दोनदा चालूच ठेवायचा. डोंगर उतरण्याची तयारी मात्र उतार नसलेल्या ट्रेडमिलवर होत नाही, त्यासाठी शेवटचे सहा-आठ आठवडे बाहेर पडावंच लागेल, सुरुवातीला आठवड्यातून एकदा आणि छोट्या उतारावर.